काढलेला पासंग

रिकामा तराजू टांगल्यावर एक पारडं जरा खाली झुकलं, तर वर राहिलेल्या पारड्याच्या बुडाला शिशाचा तुकडा बांधतात. शिसं नसेल तर खडा, नाहीतर मोडक्या कुलपाचा आकडा, हाताला येईल ते. त्याला पासंग म्हणतात. पासंग म्हणजे माल नव्हे आणि वजनही नव्हे. तो कुणी विकायला मांडत नाही, मापात कुणी धरत नाही. गिऱ्हाईक दोन्ही पारड्यांवर डोळे रोखून उभं राहतं, पण वाकून पारड्याखाली बघत नाही.

या माणसाला घरातले आणि बाहेरचे सगळे पासंग म्हणत. शाळेत घालताना लावलेलं एक नाव त्याला होतं, पण शाळा सुटली तसं तेही सुटलं.

घर काटेवाल्यांचं होतं. बाजाराच्या तोंडाशी अरुंद, लांबलचक दुकान. पुढे उजेड, मागे काळोख आणि मधल्या सगळ्या लांबीत छताला टांगलेले तराजू. वारा आला की सगळी पारडी एकदम हलायची आणि दुकानभर बारीक किणकिण व्हायची. वडील तिथे बसून वाकलेल्या दांड्या सरळ करायचे, झिजलेल्या वजनांच्या पोटात शिसं ओतून ती पुरी करायचे. दोन मुलगे हाताशी आले तशी त्यांनी दोघांच्या हातात पळी दिली. थोरल्यानं शिसं ओतलं की वजन एका दमात बरोबर यायचं. धाकट्याचं कधी थेंबभर जास्त, कधी थेंबभर कमी. पुन्हा वितळव, पुन्हा ओत. त्याच्या हाताला कंप नव्हता, अंगात आळस नव्हता. नुसता अंदाज नव्हता. अंदाज शिकवून येत नाही हे वडिलांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शिकवणं सोडून दिलं आणि एकदा भरल्या दुकानात बोलून गेले, “हा माझ्या थोरल्याच्या पासंगालाही पुरायचा नाही.”

गिऱ्हाइकं हसली. धाकटाही हसला. तो लहान होता. शब्द अंगावर पडला तर धुळीसारखा झटकता येतो असं त्याला वाटलं. तो शब्द मात्र कातडीत मुरला. आधी दुकानात, मग गल्लीत, मग घरात. शेवटी आईसुद्धा जेवायला हाक मारताना “पासंगा” म्हणू लागली, आणि तिच्या तोंडी ते इतकं मऊ लागायचं की तो धावत यायचा.

त्यानं काय केलं जन्मभर, असं विचारलं तर सांगण्यासारखं काही निघत नाही. जड तराजू खांद्यावर घालून दुकानादुकानांत पोचवले. थोरला दांडी ठोकत असला की तिचं दुसरं टोक धरून बसला. भट्टीचा भाता ओढला, चहा आणला, आजारी गाय असो की आजारी माणूस, उशाशी बसायला हाच. मुलगी द्यायच्या विचारानं एकदा पाहुणे आले. मुलगा काय करतो, असं त्यांनी विचारलं. वडील खोटं बोलणारे नव्हते. थोडा विचार करून म्हणाले, “असतो घरात.” पाहुण्यांनी चहा संपवला आणि उठले. ‘असतो घरात’ ही गल्लीतली पुढच्या कितीतरी वर्षांची थट्टा झाली. कुणी बेकार भेटला की लोक विचारायचे, “काय रे, घरात असतोस वाटतं?”

थोरल्याचं मात्र नाव झालं. त्याला सगळा बाजार दादा म्हणायचा. वजनमापाचे साहेब तपासणीला आले की आधी त्याला बोलावणं धाडत, कारण चोर पासंग हुडकावा तर त्यानंच. पासंगाच्या जाती दोन. एक उघडा, दांडीतली खोट भरून काढणारा. दुसरा चोरटा, मेणानं पारड्याखाली चिकटवलेला, गिऱ्हाइकाचा माल मारणारा. दादा पारड्याखालून नुसती बोटं फिरवायचा. दुकानदार घामाघूम. मग दोन बोटांच्या चिमटीत तो तुकडा बाहेर यायचा, गायीच्या कानातला गोचीड उपटावा तसा, आणि पारडं त्याच क्षणी सरळ व्हायचं. हे बघायला माणसं जमायची. धाकटा त्या गर्दीत मागे उभा राहायचा आणि दर वेळी पहिल्यांदाच बघत असल्यासारखा खूश व्हायचा.

वडील गेले, आई गेली. दुकानात दादाचा मुलगा बसू लागला. त्यानं आकडे उजळणारे विजेचे काटे आणले. वहिनी घर चालवायची. माडीखालच्या एका खोलीत खाट, एक पेटी आणि खुंटीवर दोन शर्ट, एवढा पासंगाचा संसार होता. त्याला कधी वाटलंच नाही की ही खोली कुणी दिली आहे. खोली होती आणि तो होता.

मग दादाला रक्त पडू लागलं.

दादानं ते लपवलं. मूळव्याध म्हणून ट्यूबच्या रबराची चुंबळ करून तिच्यावर बसू लागला. पण काटेवाल्याच्या घरात वजन लपत नाही. पोती तोलायच्या काट्यावर तो सहज पाय ठेवायचा, आणि काटा चुगली करायचा. पुढे कण्हल्याशिवाय उठता येईना तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, गुदाशयात, गाठ होती, कॅन्सरची. किरणांचा शेक दिला, औषधं चढवली, मग ती जागाच कापून काढली आणि पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, आतड्याचं तोंड बाहेर आणून तिथे पिशवी लावली. आता शौच त्या पिशवीत. कायमची.

दादा शिस्तीचा माणूस. पांढऱ्या सदऱ्याला काजळीचा डाग पडला तरी बदलून येणारा. त्यानं पहिल्या दिवशी स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. नर्सनं घरच्या कुणीतरी शिकून घ्या म्हटलं. वहिनी पुढे झाली, पण वास आला तशी तिला भोवळ आली आणि तिलाच बाकावर निजवावं लागलं. मुलाला नेमकं दुकान आठवलं. उरला पासंग. तो स्टुलावर बसलाच होता.

आणि आश्चर्य असं की हे काम त्याला जमलं. कोमट पाण्यानं कातडी पुसायची, घासायची नाही. नव्या पिशवीला आतड्याच्या तोंडाएवढंच भोक कापायचं. मोठं झालं तर मळ कातडीला लागून ती सोलवटते. पहिल्या काही पिशव्या वाया गेल्या, नर्सचं बोलणं खाल्लं, आणि मग हात बसला. हे काही मोठं इलमाचं काम नव्हे. तान्ह्या पोराची आई करते तेवढंच. पण तो सकाळी उठताना आता कुठेतरी पोचायचं असल्यासारखा उठायचा.

तो पिशवी बदलत असताना दादा भिंतीकडे तोंड करून पडायचा. भिंतीचा पोपडा निघाला होता, त्याच्यावर दादाची नजर. हे दोघांनाही बरं होतं. एकदाच, भिंतीकडेच बघत दादा म्हणाला, “निदान ह्याला तरी तुझा हात बसला.” पासंगानं ते वाक्य खोलीत नेलं आणि पुष्कळ दिवस पुरवून खाल्लं.

असंच चाललं असतं. पण तपासणीच्या एका खेपेला डॉक्टरबाईंनी दोघांना आपल्या मागच्या खोलीत बसवलं.

या बाई वयानं लहान, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. खोलीत एक मोठा फ्रीज घरघरत होता आणि टेबलावर प्लास्टिकचं आतडं उघडून ठेवलेलं. दादाची काढलेली गाठ त्यांनी अभ्यासासाठी मागितली होती, दादानं दिली होती. आता काय शोधताय तिच्यात, असं त्यानं विचारलं. बाईंना कुणी विचारत नसावं. त्या खुर्ची ओढून पुढे सरकल्या. म्हणाल्या, शरीराच्या प्रत्येक पेशीत एक लिखाण असतं आणि त्याच्या नकला निघत असतात. त्या नकलांना आरएनए म्हणतात. काही नकलांवरून शरीराला लागणारा माल बनतो. पण पुष्कळ नकला अशा, की त्यांच्यावरून काहीच बनत नाही.

“आम्ही किती वर्षं त्यांना बिनकामाच्या म्हणत होतो,” बाई म्हणाल्या. “कचरा म्हणायचो चक्क. आता दिसतंय की स्वतः काही न बनवता त्या नुसत्या बसून दुसऱ्यांना दाबतात, नाहीतर उचलतात. तुमच्यासारख्या आजारात त्यांतली एखादी वाढलेली असली, तर गाठ परत येण्याचा संभव जास्त. असं आमच्या अभ्यासात दिसतंय.”

“म्हणजे पासंग,” दादा म्हणाला.

बाईंना शब्द ठाऊक नव्हता. मग दादा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा दादासारखा बोलला. दोन तळहातांची पारडी केली, बाईंचं खोडरबर एका हाताखाली धरलं, आणि माल नव्हे, वजन नव्हे, तरी सगळा तोल फिरवणारी ती वस्तू त्यानं अशी समजावली की बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. “अगदी हेच,” त्या म्हणाल्या. “मी मुलांना शिकवताना हाच शब्द वापरणार बघा.”

पासंग स्टुलावर होता. मांडीवर नव्या पिशव्यांचं पुडकं. त्याला आपलं नाव ऐकून उगीच संकोच वाटत होता.

दादानं विचारलं, माझ्यात किती आहे. बाई थबकल्या. म्हणाल्या, हे अजून अभ्यासातलं आहे, शंभर माणसांबद्दल बोलता येतं, एका माणसाबद्दल नाही. दादा म्हणाला, “बाई, मी जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासले. माझा कुठे झुकलाय, तेवढं सांगा.” तो हे इतक्या गोडीनं बोलला, आणि बाईंना नुकताच एक शब्द भेट मिळाला होता. त्या म्हणाल्या, “जास्त आहे. पण त्यावरून काही ठरवू नका.”

“मग काढा तो.”

“तसा नाही काढता येत. ती खूण आहे हो, कारण असेलच असं नाही. दारावर पाटी असते ना, पाटी काढली म्हणून आतला माणूस जात नाही.”

“आमच्यात जातो,” दादा म्हणाला. “आमच्यात पासंग काढला की काटा सरळ.”

बाई हसल्या. बोलणं जड झालं होतं, ते हलकं करावं म्हणून त्यांनी स्टुलाकडे मान वळवली. पिशवीचं सगळं तुम्हीच बघता असं सिस्टर सांगत होत्या, तुमचं नाव काय, म्हणाल्या. पासंगानं तोंड उघडलं. खरं नाव सांगावं की काय या विचारात तो पळभर अडकला, तेवढ्यात दादा बोलला.

“ह्यालाच पासंग म्हणतात.”

बाईंना ती थट्टा वाटली. त्या पुन्हा हसल्या. दादानं मात्र बोलून झाल्यावर आपल्या भावाकडे बघितलं. आयुष्यभर जवळ असलेली वस्तू पहिल्यांदाच उचलून तिच्या बुडाला बघावं, तसं बघितलं.

परतीच्या बसमध्ये दादा खिडकीशी बसला, भावापासून अंग चोरून. दुसऱ्या दिवशी पासंगानं कोमट पाणी आणलं, फडकं पिळलं, तेव्हा दादानं भिंतीकडे तोंड केलं नाही. तो पासंगाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. पासंगाच्या हातून पिशवीचं भोक वाकडं कापलं गेलं.

मग बारीकसारीक सुरू झालं. पासंगाचं ताट दादाच्या खोलीतून बाहेर गेलं. त्याची सावली अंगावर पडली की दादा खाटेवर सरकायचा. वहिनीला त्यानं विचारलं, ह्यानं जन्मात काय बनवलं गं? खिळा तरी? वहिनी म्हणाली, भाऊजींचं काय घेऊन बसलात. तो म्हणाला, बिनकामाचा नुसता बसून असतो आणि आत काहीतरी दाबत असतो, बाईंनी सांगितलं. वहिनीनं मुलाला सांगितलं. मुलगा म्हणाला, औषधांनी डोक्यावर परिणाम होतो, होईल कमी. पण ते हसण्यावारी कुणी नेलं नाही. भीती अशी चीज आहे की शहाण्या माणसाच्याही उंबऱ्याशी ती घटकाभर बसून जाते. वहिनी आता पासंगाला चहा देताना कप खाली ठेवायची, हातात द्यायची नाही. तिचं तिलाही ते कळत नसावं.

एक दिवस दुपारी पिशवी बदलून झाल्यावर दादानं त्याला बस म्हटलं. तो बसला.

“तू जा इथून,” दादा म्हणाला.

पासंगाला वाटलं खोलीतून. तो उठला.

“खोलीतून नाही. घरातून.”

दारात वहिनी होती. मागे तिचा मुलगा. पासंगानं त्यांच्याकडे बघितलं, मग फडक्याकडे, मग दादाकडे. त्याला बोलण्याची सवय नव्हती आणि वाद घालण्याची तर कधीच नव्हती. तो म्हणाला, “दादा, बाई म्हणाल्या ती खूण आहे. खूण काढून काय होणार?”

“तू मला काटा शिकवू नकोस.”

“नाही शिकवत. पण पासंग दोन जातीचा असतो, हे तूच सांगायचास. एकानं तोल जातो, एकानं राहतो.”

बोलणं दादाला पटलं असावं, कारण त्याचा आवाज खाली आला. पटलं म्हणूनच जे निघालं ते इतकं निर्दय निघालं. तो म्हणाला, “कुठला ते काढून बघितल्याशिवाय कळत नाही.”

“पिशवी कोण बदलणार?”

“माझी मी बदलीन.”

पासंगानं पुन्हा दाराकडे बघितलं. आता कुणीतरी बोलेल असं त्याला वाटलं. पुतण्या म्हणाला, “थोडे दिवसच काका. त्यांच्या मनाचं समाधान.” वहिनी आत गेली आणि त्याचे कपडे काढून आणले. सगळे धुतलेले, घडी घातलेले, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला. त्या घड्या बघून त्याला कळलं की हे आज ठरलेलं नाही. इतक्या नीट घड्या घाईत होत नाहीत.

बाजारापलीकडे हमरस्त्याला लागून मालाच्या गाड्या तोलायचा मोठा काटा होता. जमिनीत लोखंडी पत्रा, बाजूला खिडकीची एक केबिन. काट्याचा मालक त्यांच्या वडिलांना मानणारा. त्यानं पासंगाला ठेवून घेतलं, केबिनमागच्या खोपट्यात झोपायला जागा दिली. काम असं की भरली गाडी पत्र्यावर आली की ड्रायव्हरला खाली उतरवायचं. ड्रायव्हर आत बसून राहिला तर त्याचं वजन मालात धरलं जातं. पासंग दिवसभर पत्र्याच्या कडेला उभा राहून हात करायचा: उतरा, उतरा. स्वतःही त्यानं पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. जे मोजायचं नाही ते काट्यावर नको, एवढाच तिथला नियम.

बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दादानं पासंग काढला, असं लोक म्हणायचे आणि हसायचे, आणि हसता हसता कुणी विचारायचा, “मग? आला का काटा सरळ?”

आला नाही. गाठ परत आली, आता यकृतात. बाईंचा अभ्यास दादाच्या बाबतीत तरी चुकला नव्हता. हे पासंगाला कळलं ते वहिनीकडून. ती स्वतःच आली, डोक्यावर ऊन घेऊन, आणि बोलायच्या भरात नेमकी पत्र्याच्या मधोमध उभी राहिली. केबिनमध्ये आकडा हलला.

“वहिनी, काट्यावर आहात,” तो म्हणाला. ती दचकून बाजूला झाली.

तिनं सांगितलं, ह्यांचं ह्यांना जमत नाही, कुणाला हात लावू देत नाहीत, पिशवीभोवतीची सगळी कातडी सोलवटलीय. रडली नाही. तिचं रडणं आधीच संपलेलं दिसत होतं. जाताना म्हणाली, “येऊन जा भाऊजी.”

पासंग खोपट्यात गेला, तोंड धुतलं, शर्ट बदलला. पेटी उघडली आणि तिच्यात काय काय भरायचं ते बघू लागला. मग त्याच्या हातांना ते शब्द कळले. चला घरी, असं ती म्हणाली नव्हती. येऊन जा, म्हणाली होती. त्यानं पेटी लावली आणि रिकाम्या हातांनी निघाला.

दादा खाटेत उरलाच नव्हता. पांघरुणाखाली चार काड्या. पासंगाला बघून तो म्हणाला, “कुणी बोलावलं ह्याला?” पासंगानं पाणी कोमट करून आणलं. पिशवी सोडवली तेव्हा दिसलं की तिचं भोक भलतंच मोठं कापलेलं, आणि त्याभोवती मांस लालभडक. तो पुसत राहिला. दादा त्याच्याकडे बघत राहिला, डॉक्टरबाईंच्या खोलीतून आल्यावर बघायचा तसाच, पण आता त्या बघण्यात जोर नव्हता.

“तू गेल्यावर तरी काटा सरळ यायला हवा होता,” दादा म्हणाला.

पासंग थांबला. जन्मभर ज्या माणसाच्या दांडीचं दुसरं टोक धरलं, तो आता पुढे काहीतरी बोलेल, म्हणून थांबला. चुकलं असं म्हणायला नको होतं. नुसतं ‘बस’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“उशीर झाला मला काढायला,” दादा म्हणाला. “आधीच काढायला हवं होतं.”

पासंगानं नवी पिशवी घेतली, कात्रीनं बेताचं भोक कापलं, बसवलं, कडेनं बोट फिरवलं. कागदात घाण गुंडाळून तो उठला तेव्हा मागून आवाज आला, “उद्या पाणी जरा जास्त गरम आण.” वळून बघितलं तर दादानं तोंड भिंतीकडे केलं होतं.

म्हणून तो रोज येऊन गेला. काट्यावरची पाळी संपली की यायचा, काम करायचा, जायचा. वहिनी आता कप हातात द्यायची. राहा कुणी म्हटलं नाही, आणि राहू का असं त्यानं विचारलं नाही. एवढा एक अभिमान त्याच्यात कुठून आला कोण जाणे. दुसरी कुठली चैन त्यानं कधी केली नव्हती. एका सकाळी तो पत्र्याच्या कडेला हात करत उभा होता तेव्हा दादा गेला. निरोप दुपारी आला. तोवर शेजारच्या गल्लीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

माणसं येऊन जाऊन सरली तेव्हा पासंग एकदा संध्याकाळचा घरी आला. उरलेल्या पिशव्या हॉस्पिटलात कुणा गरजूला द्याव्यात, हे निमित्त. खरं कारण माडीखाली होतं. आता ज्यानं काढलं तो नव्हता, आणि ज्यासाठी काढलं तेही संपलं होतं. त्यानं खोलीचं दार लोटलं. ते अर्धंच उघडलं. आत विजेच्या काट्यांचे खोके छतापर्यंत रचलेले होते. खुंटीला एक वायर टांगलेली.

“माल ठेवायला जागाच नाही ओ काका,” पुतण्या मागून म्हणाला. “तुम्हाला तिकडे बरं पडतंय ना? मोकळी हवा.”

“बरं पडतं,” पासंग म्हणाला.

तो चपला घालत होता तेव्हा पुतण्याचा फोन वाजला. डॉक्टरबाई होत्या. पुतण्यानं आवाज मोठा केला, आईला ऐकू यावा म्हणून. बाईंनी वाईट वाटल्याचं सांगितलं. म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी दिलेला शब्द मी सगळीकडे वापरते, मोठमोठ्या माणसांसमोर बोलताना सांगते की हा एका काटेवाल्या पेशंटनं दिला. पुतण्याची छाती फुगली. ही गोष्ट तो पुढे दर गिऱ्हाइकाला सांगणार होता. मग बाई म्हणाल्या, “आणि ते तुमचे काका? स्टुलावर बसायचे ते. कसे आहेत?”

पुतण्यानं उंबऱ्याकडे बघितलं. एक चप्पल पायात आणि एक हातात धरून पासंग तिथेच वाकलेला होता.

“आहेत ना,” पुतण्या म्हणाला. “असतात घरात.”

वहिनीनं मान खाली घातली. पासंगानं दुसरी चप्पल घातली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बाजार ओलांडून हमरस्त्याला लागला.

काट्यावर एक गाडी येऊन उभी होती. पोत्यांनी गच्च भरलेली. ड्रायव्हर आतच पाय पसरून बसलेला, हडकुळा, ओठांत काडी. पासंग कडेला उभा राहिला आणि त्यानं हात केला.

“उतर रे बाबा खाली.”

“बसू दे की काका,” ड्रायव्हर वरून म्हणाला. “एवढ्या मालात माझं काय धरताय? पासंगालाही पुरायचा नाही मी.”

केबिनमधला कारकून खो खो हसला. पासंगानं दोघांकडे बघितलं नाही. तो पत्र्याच्या कडेकडे बघत होता.

“पुरतो,” तो म्हणाला. “उतर.”